ई रांग, चौदा नंबर

२०१६ च्या जुलैतला गुरुवार. पुण्यात सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता. साडेपाचला विनोदी नाटकाचा प्रयोग, आणि दुपारी चार वाजता माझ्या प्लॅनवर सगळ्या मिळून त्रेसष्ट खुणा. नाट्यगृह साडेआठशे खुर्च्यांचं.

मी बुकिंगच्या खिडकीवर बसतो. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा छापील नकाशा. खिडकीवर विकलेल्या खुर्चीवर निळी पेन्सिल, ऑनलाइन गेलेल्या खुर्चीवर लाल. त्या दिवशी लाल खुणा सगळीकडे विखुरल्या होत्या. ऑनलाइन घेणारा माणूस मोबाइलवर बघतो आणि शेजार मोकळा असलेली, कडेची खुर्ची उचलतो. त्याचं काही चुकत नाही. पण विनोदी नाटकाला ते मारक ठरतं. एकटा बसलेला माणूस हसतो ते मनातल्या मनात. शेजारचा हसला की त्याचं हसू मोठं होतं, मागच्या रांगेला ऐकू जातं, मग ती रांग हसते. मधे दहा-दहा खुर्च्या रिकाम्या असल्या की हशा तिथल्या तिथे विझतो. रंगमंचावर नट वाक्य टाकतो आणि ते पडतं. दोन-तीन वाक्यं पडली की चांगला नटसुद्धा घाई करायला लागतो, आणि घाई झाली की विनोद संपला.

सव्वाचारला नाटकातले प्रमुख नट भिजलेली छत्री घेऊन थेट माझ्या खोलीत आले. एरवी बुकिंग विचारायला व्यवस्थापक येतो. त्यांनी प्लॅन स्वतःकडे ओढला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "यांना जवळ आणता येईल का हो?"

विकलेली खुर्ची मी बदलू शकत नाही. पण दारावरच्या मुलांना सांगून प्रेक्षकांना विनंती करता येते, आणि खिडकीवर येतील ते सगळे एका ठिकाणी बसवणं तर माझ्याच हातात असतं. मी म्हटलं, "सी ते जी, मधला भाग. आता येईल तो तिथेच." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि रंगपटात गेले.

पाचच्या सुमारास एक आजोबा आले. ऐंशीच्या घरातले, हातात काठी, डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी. त्यांनी पैसे सरकवले आणि चक्क वाकून, कपाळ काचेला टेकवून माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी विचारलं, "काय झालं आजोबा?"

"काही नाही. बघून ठेवतोय. एकदा बघायचं राहिलं होतं."

मागे रांग नव्हती, म्हणून मीही पेन्सिल खाली ठेवली. ते सांगायला लागले. लहान असताना वडिलांबरोबर भानुविलासला सिनेमा बघायला गेले होते. तेव्हाच्या खिडक्या म्हणजे भिंतीत एक छोटं भोक. आत हात घालायचा, पैसे द्यायचे, आतल्या हातानं तिकीट द्यायचं. तोंड दिसायचं नाही. सिनेमा सुटल्यावर कुणीतरी वडिलांना म्हणालं, अहो, या सिनेमाचा हिरो इथंच तिकिटं विकतो. "तो हात राजा गोसावींचा होता की दुसऱ्या कुणाचा, मला आजतागायत माहीत नाही. वाकून बघितलं असतं तर कळलं असतं. तेव्हापासून मी कुठल्याही खिडकीवर वाकून बघतो."

माझ्या अंगावर काटा आला. कारण या खिडकीवर मी नवा असताना माझ्या वरिष्ठांनी मला पहिली गोष्ट सांगितली होती ती हीच. आमच्या कामात राजा गोसावी हे नाव वेगळ्या मायेनं घेतलं जातं. भानुविलासला ते बुकिंग क्लार्क होते आणि पडद्यावर स्वतः नायक असलेला चित्रपट लागलेला असतानाही तिकिटं देत होते, हे पुण्यातल्या जुन्या लोकांना तोंडपाठ आहे. लोक ते गमतीनं सांगतात. मला त्यात गंमत वाटत नाही. सातारा जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीत १९२५ साली जन्मलेला हा मुलगा चित्रपट दिग्दर्शक मास्टर विनायकांकडे घरकामाला राहिला. मग त्यांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये ऑफिसातली पडेल ती कामं केली, सुतारकाम केलं, रंगभूषेच्या खोलीत हाताखाली राबला, गर्दीत उभा राहिला. दामुअण्णा मालवणकरांच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. म्हणजे दुसऱ्याची वाक्यं विंगेत उभं राहून पाठ करत होता आणि प्रेक्षक कुठे हसतात ते रोज ऐकत होता. १९५२ साली राजा परांजप्यांच्या 'लाखाची गोष्ट'मध्ये तो नायक झाला. महिन्याभरात लाख रुपये उडवून दाखवायचे, या पैजेत अडकलेला तरुण त्यानं उभा केला. ज्याला पैशापैशाचा हिशेब माहीत होता, त्याच्या तोंडावरची पैसे संपत नाहीत म्हणून होणारी तारांबळ आजही खरी वाटते.

आमच्याकडच्या विनोदी नटांचं हे मला फार मोलाचं वाटतं. अशोक सराफ स्टेट बँकेत होते, लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला होते, प्रशांत दामले बेस्टमध्ये. समोरचा माणूस काउंटरवर कसा उभा राहतो, कशाला चिडतो, कशाला विरघळतो, हे त्यांना बाहेरून शिकावं लागलं नाही. पण गोसावी तर प्रेक्षकालाच तिकीट देत होते. आज किती आले, कोण आले, कुटुंब आलं की कॉलेजची पोरं, हे त्यांना आधी हातातून कळत असणार. हे माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

आजोबांना मी ई रांगेतला चौदा नंबर दिला. अगदी मध्यावर. त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला नंतर आलेले सगळे बसवले. तिसऱ्या घंटेपर्यंत आकडा एकशे बारावर गेला. दारावरच्या मुलांनी बाल्कनीतल्या अकराजणांना हात जोडून खाली आणलं.

खिडकी बंद झाली की माझं हिशेबाचं काम असतं. तिकिटांची स्थळप्रत मोजायची, रोकड जुळवायची, भरणा लिहायचा. ते सगळं बाजूला ठेवून मी मागच्या दारातून आत जाऊन उभा राहिलो. पहिली काही मिनिटं थंड गेली. मग काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आजोबांचं हसू. मोकळं, घशातून वर चढत जाणारं. शेजारचं जोडपं हसलं, एफ रांग हसली.

यानंतर नटानं जे केलं ते मी डोळ्यांत साठवून ठेवलंय. त्याच्या हातात बशी होती, चहा पिण्याचा प्रसंग. हशा चढत होता तोवर तो बशीत फुंकर मारत राहिला. तोंडावरची रेघ हलली नाही. हशा माथ्यावर पोचून उतरायला लागला, आणि तो पूर्ण विझायच्या आत त्यानं पुढचं वाक्य टाकलं. लवकर टाकलं असतं तर हशाखाली बुडालं असतं. उशिरा, तर गार पडलं असतं. पुढे दोन तास तो त्या काठीचा आवाज ऐकून खेळत होता. एकशे बारा माणसांत हाऊसफुल्लचा आवाज होता.

प्रयोग संपल्यावर तो अर्धा रंग पुसलेल्या तोंडानं माझ्या खोलीत आला. त्यानं प्लॅनवर बोट ठेवलं. "ई रांगेत मधे कोण होतं?"

आजोबा पोर्चमध्ये रिक्षाची वाट बघत होते. मी ओळख करून दिली. नट वाकला, पायाला हात लावला. आजोबा त्याला म्हणाले, "राजा गोसावी गेले तेसुद्धा प्रयोगाआधी रंग लावत असताना. अठ्ठ्याण्णव साली. तुम्ही तब्येत सांभाळा." तो काही बोलला नाही. आजोबांचा हात त्यानं दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

रिक्षा आली. बसता बसता आजोबांनी खिशातून तिकिटाचा अर्धा तुकडा काढून माझ्यापुढे धरला. मला वाटलं, नटाची सही हवी असेल, म्हणून मी पेन त्याच्याकडे द्यायला गेलो.

"त्यांची नको," ते म्हणाले. "तिकीट तुम्ही दिलंत. तुमचं नाव लिहा."

पावसानं कागद मऊ पडला होता. रिक्षाच्या टपाखाली हात धरून मी मागच्या बाजूला नाव लिहिलं आणि खाली तारीख घातली.