मिल लॅक्सचा फिशिंग ओपनर: जाऊन आलो, पुढच्या वर्षी जाणाऱ्यांसाठी

मिनेसोटात फिशिंग ओपनर, म्हणजे मासेमारीच्या सीझनचा पहिला दिवस, सणच असतो, मेमोरियल डे (मेचा शेवटचा सोमवार) वीकेंडच्या दोन आठवडे आधीचा शनिवार, शुक्रवारी मध्यरात्रीचे बारा वाजले की वॉलाय या गोड्या पाण्यातल्या माशाचा सीझन उघडतो आणि निम्मं राज्य बोटी घेऊन रस्त्यावर. आम्ही दोन मराठी कुटुंबं, मुलंबाळं आणि पुण्याहून आलेले सासरे असे मिल लॅक्स लेकला गेलो होतो. ट्विन सिटीजहून (मिनियापोलिस-सेंट पॉल) हायवे 169 धरला की साधारण दोन तासांत तलाव दिसायला लागतो, गॅरिसनला वॉलायचा मोठा पुतळा आहे, तिथे फोटो होतातच.

पण मला लिहायचंय ते बोट रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) भेटलेल्या डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या, कॉन्झर्वेशन ऑफिसरबद्दल, कारण आपल्या बऱ्याच लोकांना युनिफॉर्म आणि कमरेला पिस्तूल दिसलं की पोटात गोळा येतो. या ऑफिसर बाई येणाऱ्या प्रत्येक बोटीपाशी जात होत्या, लायसन्स बघायच्या, लाइफ जॅकेट मोजायच्या, मासे ठेवायच्या टाकीत डोकावायच्या आणि पट्टी लावून मासा मोजायच्या, आणि हे सगळं करताना मुलांशी गप्पा चालूच. आमच्याशी बराच वेळ बोलल्या. वसंत हा त्यांचा सगळ्यात धावपळीचा काळ, कारण बर्फ सुटला की माणसं घरातून बाहेर पडतात आणि नेमकं तेव्हाच जंगल आणि पाणी सगळ्यात नाजूक अवस्थेत असतं. वॉलाय बर्फ वितळल्या वितळल्या अंडी घालतो, नद्यांच्या तोंडाशी आणि उथळ खडकाळ पाण्यात गर्दी करतो, तेव्हा त्याला पकडणं फार सोपं, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत सीझन बंद. सासऱ्यांना हे लगेच पटलं, त्यांचं बालपण कोकणातलं, पहिल्या पावसात चढणीचे मासे शेतात चढतात तेव्हा टोपलीनेसुद्धा पकडता येतात हे त्यांनी पाहिलंय, आणि महाराष्ट्रात पावसाळ्यात यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद असते त्यामागेही हेच एक कारण. कारण कळलं की नियम जाच वाटत नाही हे मला तिथे फार जाणवलं.

ओपनरच्या आधी एप्रिलमध्ये क्रॅपी आणि सनफिश हे छोटे मासे पकडायला चालतं, तेव्हा चुकून वॉलाय लागला तर तिथल्या तिथे सोडून द्यायचा. क्रॅपीची लिमिट (एका माणसाने जवळ ठेवायचे जास्तीत जास्त मासे) राज्यभर 10 आहे पण काही तलावांवर त्याहून कमी, आणि संध्याकाळी क्रॅपी धडाधड लागायला लागले की लोक मोजणं विसरतात, सकाळचे घरी ठेवलेले मासेही लिमिटमध्ये धरतात हे लक्षात ठेवा. वॉलाय राज्याच्या नियमाने 6, त्यात 20 इंचांवरचा एकच. पण मिल लॅक्सला हा नियम लागू नाही! तिथे वेगळी लिमिट आणि वेगळी साइज असते आणि ती दरवर्षी, कधी कधी सीझनच्या मध्येही बदलते, त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री डीएनआरच्या साइटवर बघाच. तलावावर मासा कापू नका, अख्खा ठेवा, मोजता आला पाहिजे. आणि तिथे वसंतात जाळी लावलेली दिसली तर कोणी चोरी करतंय असं समजू नका, 1837 च्या तहाने ओजिब्वे या इथल्या मूळनिवासी लोकांना तो हक्क आहे, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1999 मध्ये तो कायम केला, आणि त्यांचे स्वतःचे नियम आणि ऑफिसर आहेत.

लायसन्सचं म्हणाल तर 16 वर्षं आणि पुढच्या जवळपास सगळ्यांना लागतं, फोनवर दाखवलेलं चालतं. भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी नॉनरेसिडेंट घ्यायचं, 24 तासांचं मिळतं, आणि तुम्ही नव्याने इथे आला असाल तर 60 दिवस राहिल्याशिवाय रेसिडेंट लायसन्स मिळत नाही. मदर्स डेच्या वीकेंडला मिनेसोटाच्या रहिवासी आयांना लायसन्सशिवाय मासेमारी करता येते, तो बहुतेक ओपनरलाच येतो, तर आयांनो जा. उघड्या पाण्यात एका माणसाला एकच गळ, दोन गळ फक्त बर्फावरच्या मासेमारीला.

लाइफ जॅकेटवर मी हट्टाने लिहितेय. बोटीतल्या प्रत्येकाला मापाचं एक हवं, 10 वर्षांखालच्या मुलांनी बोट चालू असताना अंगात घातलेलंच हवं, बोट 16 फूट किंवा मोठी असेल तर बुडणाऱ्याकडे फेकायची तरंगती उशीही. पण कायदा बाजूला ठेवा, मेमध्ये हवा 70 डिग्री फॅरनहाइट असली तरी पाणी बर्फगार असतं, पडल्या पडल्या श्वास अडकतो आणि चांगला पोहणाराही हातपाय मारू शकत नाही, तेव्हा मोठ्यांनीसुद्धा घाला, फोटोसाठी काढू नका. बियर पिऊन बोट चालवली तर गाडीसारखाच रक्तातल्या अल्कोहोलचा 0.08 चा नियम आहे.

परतताना रॅम्पवर बोटीचा ड्रेन प्लग (तळातलं पाणी सोडायचं बूच) काढायचा आणि घरी पोचेपर्यंत उघडाच ठेवायचा, झाडपाला काढायचा, उरलेलं आमिष पाण्यात नाही तर कचऱ्यात टाकायचं. मिल लॅक्समध्ये 2005 पासून झेब्रा मसल, म्हणजे बाहेरून आलेले उपद्रवी शिंपले, आहेत, एका बोटीच्या तळातल्या पाण्यातून ते दुसऱ्या तलावात जातात आणि मग कधीच निघत नाहीत. भाड्याची बोट असेल तरी ट्रेलरला लावताना ही जबाबदारी तुमचीच.

कॅम्पिंग करणार असाल तर फादर हेनेपिन किंवा काथिओ स्टेट पार्क, दोन्ही छान, बुकिंग लवकर करा. घरून लाकूड नेऊ नका, अॅशच्या झाडांना मारणारी कीड त्यातून पसरते, पार्कात मिळणारंच घ्या. शेकोटी 3 फुटांपेक्षा मोठी नको, आणि राख हाताला गार लागेपर्यंत पाणी ओता, कारण नवं गवत उगवण्याआधीचं सुकं गवत एप्रिल-मेमध्ये पेट घेतं आणि इथले बहुतेक वणवे माणसांमुळेच लागतात. एटीव्ही (कच्च्या वाटांवर चालणारी चारचाकी) नेणार असाल तर आधी ट्रेल उघडेत का बघा, बर्फ वितळून माती ओली असते तेव्हा बरेच बंद ठेवतात.

कोणी लिमिटपेक्षा जास्त मासे भरताना दिसलं तर स्वतः वाद घालू नका, बोटीचा नंबर आणि जागा टिपून शिकारचोरी कळवायच्या 1-800-652-9093 या नंबरवर कळवा, नाव न सांगताही चालतं.