पायाचं सूप दुसऱ्या खेपेला जमलं

मार्गशीर्ष संपतो, कळव्याच्या खाडीवरून गार वारा यायला लागतो आणि आमच्या घरी पायाच्या सुपाची आठवण निघते. इतकी वर्षं ते सासूबाईच करायच्या. यंदा त्यांचा खांदा धरला, म्हणून मी हातात घेतलं.

पहिल्या वेळी सगळं बिघडलं. मटणवाल्याने पाये भाजून, तोडून दिले होते. मी घरी नुसते धुतले आणि थेट कुकरला लावले. कुकर पाऊण भरेल इतकं पाणी, भरपूर आलं-लसूण, ६ शिट्ट्या. झाकण काढलं तर स्वयंपाकघरभर जळक्या केसांचा वास, पाणी पातळ आणि कातडं चिवट. दोन बोकडांचे आठ पाये टाकून द्यावे लागले. फार जिवाला लागलं.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "खुरांच्या बेचक्यात सुरी फिरवली होतीस का गं?"

नव्हती फिरवली.

पुढच्या रविवारी त्या स्टुलावर बसल्या, मी ओट्याशी. एकेक पाया चिमट्यात धरून गॅसवर पुन्हा फिरवला, राहिलेले केस जाळले, काळं सुरीने खरवडलं, बेचकी साफ केली. मग गव्हाचं पीठ आणि हळद चोळून १५ मिनिटं ठेवलं आणि गरम पाण्याने धुतलं. तरी संपलं नाही. साध्या पाण्यात १० मिनिटं उकळून ते करड्या फेसाचं पाणी ओतून दिलं. यात पाऊण तास गेला. माझ्या मते सुपाची चव इथेच ठरते, मसाल्याचं काम नंतरचं.

आता नवं पाणी. "पाये बुडून वर दोन बोटं, बास," आई म्हणाल्या. ठेचलेले मिरे, दालचिनीचा तुकडा, ४ लवंगा, उभा चिरलेला कांदा, आलं-लसणाचा ठेचा आणि जांभळी नाक्यावरून आणलेल्या कोथिंबिरीच्या नुसत्या काड्या. मीठ हात राखूनच घातलं, कारण पुढे रस आटतो.

पहिली शिट्टी झाल्यावर गॅस बारीक केला. आई म्हणाल्या, "शिट्ट्या मोजू नकोस, घड्याळ बघ." ५० मिनिटं ठेवलं. पायाला मांस जवळजवळ नसतंच. असतं ते कातडं, शिरा आणि कूर्चा. त्यातलं कोलॅजन सावकाश विरघळून त्याचं जिलेटिन होतं, आणि रसाला दाटपणा येतो तो त्याचाच. कुकरमध्ये पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून तासाभरात भागतं. उघड्या पातेल्यात तेच व्हायला ४ तास लागतात. वाफ जिरल्यावर झाकण काढून आणखी अर्धा तास मंद आचेवर ठेवलं. या अर्ध्या तासात जो वास सुटला, तो माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या थंडीतला होता.

लिंबू पिळून पहिली वाटी आईंना दिली. त्यांनी घोट घेतला, ओठ मिटले, उघडले. "चिकटतायत बघ. झालं सूप."

उरलेलं रात्री फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी ते खरवसासारखं थरथरत होतं. वरचा चरबीचा पांढरा थर वेगळा काढून ठेवला आणि दुपारी त्यातच मसुराच्या आमटीला फोडणी दिली.