तुम्ही विचारलंत म्हणून: गुडघे जपून वापरायचे का?

“आईचे गुडघे गेलेत, आजीचेही गेले होते. मग मी आत्तापासूनच जिने चढणं, पळणं बंद करू का?” मी फिजिओथेरपिस्ट आहे. तिशीतली माणसं मला हे इतक्यांदा विचारतात की एकदा सविस्तर लिहूनच टाकावं म्हटलं.

गुडघे जपा, पण वापर कमी करून नको. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, सगळं पोषण सांध्यातल्या द्रवातून येतं. पाऊल पडलं की ती स्पंजसारखी दाबली जाते, उचललं की फुगते आणि द्रव आतबाहेर होतो. दिवसभर खुर्चीत बसून गुडघा ‘जपणारा’ माणूस खरं तर कूर्चेला उपाशी ठेवतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात हौशीने पळणाऱ्यांपैकी सुमारे ३.५ टक्के लोकांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजेचा संधिवात आढळला. न पळणाऱ्यांत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. मुळात ज्यांचे सांधे धड तेच पळत राहतात, हेही त्यात असणार. तरी पळण्यावरचा आळ बराचसा खोटा आहे. स्पर्धेसाठी वर्षानुवर्षं पळणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यात प्रमाण १३ टक्क्यांच्या घरात होतं.

मला खरी काळजी वाटते ती विशीतल्या दुखापतींची. खेळताना पाय जमिनीवर रोवलेला, अंग मात्र वळलं, आतून ‘कट्’ आवाज आला, गुडघा सुजला. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, मुलगा चालायला लागतो आणि घरचे म्हणतात, बरं झालं. मी त्याच्या दोन्ही मांड्यांना, गुडघ्याच्या वाटीपासून सारख्याच अंतरावर, टेप लावते. दुखावलेल्या बाजूची मांडी बारीक भरते. त्याला एका पायावर खुर्चीतून उठायला सांगितलं की गुडघा आत झुकतो, थरथरतो. दुखत काहीच नसतं! कूर्चेत मज्जातंतूही नसतात, त्यामुळे तिचं नुकसान बराच काळ मुकाट चालतं. एसीएल हा आतला अस्थिबंध फाटलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या गुडघ्यात दहा ते वीस वर्षांत झिजेची लक्षणं दिसतात, ऑपरेशन झालेलं असलं तरी. म्हणजे विसाव्या वर्षी पडलेल्याला ऐन चाळिशीच्या आत म्हातारा गुडघा. म्हणून मांडीची ताकद दुसऱ्या पायाइतकी होईपर्यंत मैदानात जाऊ नका. मुळात दुखापत टाळण्यासाठी उडी मारून नीट उतरण्याचा, तोल सांभाळण्याचा वॉर्म-अप शाळेतल्या मुलांना शिकवायला हवा; नुसते हातपाय झटकून भागत नाही.

वजनाबद्दल मी फार बोलत नाही, लोक आधीच कंटाळलेले असतात. एवढंच सांगते, की एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. आणि आई-आजीचा वारसा? तो असतोच, नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून तर जे आपल्या हातात आहे ते तिशीत करायचं. आठवड्यातून दोनदा मांड्या आणि कुल्ल्यांचे ताकदीचे व्यायाम, रोज चालणं, आणि भार हळूहळू वाढवणं. ‘वंगणाच्या’ गोळ्यांवर मात्र पैसे घालवू नका, झीज टळते असा भरवशाचा पुरावा नाही.

बोटं मोडून संधिवात होतो का, हेही विचारतातच. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी साठेक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. दोन्ही हात सारखेच ठणठणीत राहिले. त्यांना २००९ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीदार पारितोषिक, मिळालं. एका माणसाचा प्रयोग, पण चिकाटी बघा!

हे सगळं झिजेच्या संधिवाताबद्दल. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, तो मांड्या बळकट करून टळत नाही. तिथे आपल्या हातातली मोठी गोष्ट म्हणजे सिगारेट न ओढणं. सकाळी बोटं अर्धा-पाऊण तास आखडलेली राहत असतील, पेरं सुजत असतील, तर आधी संधिवाततज्ज्ञांना दाखवा, माझ्याकडे नंतर या. उपचार लवकर सुरू झाले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात.