‘मर्यादित’ या शब्दावरची हरकत

प्रौढ व्यक्तीच्या ऑटिझमच्या तपासणीचा अहवाल मी टपालाने पाठवत नाही, समोर बसून वाचून दाखवते. गेल्या पावसाळ्यात सव्वीस वर्षांच्या एका मुलीला तो वाचून दाखवत असताना तिने मला दुसऱ्या पानावर थांबवले. “मॅडम, ‘मर्यादित आवड’ हे कशावरून लिहिलंत?”

तिची आवड म्हणजे भरती-ओहोटी. पाचवीपासून ती पाण्याच्या वेळा आणि उंची वह्यांत उतरवत आली आहे. “त्या पाण्यापायी हिला जेवणाचं भान राहत नाही,” असे तिच्या आईने पहिल्याच भेटीत सांगितले होते आणि मी ते ‘डीएसएम-५’ या मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या २०१३च्या अमेरिकी पुस्तिकेतील निकषाखाली नोंदवून मोकळी झाले होते. तिथली भाषा अशीच आहे : मर्यादित, एकाच गोष्टीला चिकटलेली, तीव्रतेने वा रोखाने असामान्य आवड. शब्द माझे नव्हते, पण खाली सही माझी होती.

तिने उत्तराची वाट न पाहता विचारले, “आज तिथी कोणती?” भिंतीवरच्या कॅलेंडरात चतुर्थी होती. माझे आजोळ कोकणातले असल्याने तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो हा हिशेब मला ठाऊक होता, म्हणून मी जरा ऐटीतच म्हणाले, “म्हणजे तीन वाजता भरती.”

“तीनच्या आधी,” ती म्हणाली. माझेच पॅड ओढून तिने त्यावर एक वक्ररेषा काढली. भरती रोज सरासरी सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, पण ती सारखी सरकत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर ती थोडी थोडी सरकते आणि अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे सर्वांत कमी उंचीच्या भरतीला, एका दिवसात तासाहूनही पुढे जाते, त्यामुळे पाऊणपटीचा हिशेब मधल्या तिथींना चुकतो. तिथून ती चंद्राच्या कक्षेकडे, खाडीच्या उथळपणाकडे आणि मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८पासून ठेवल्या गेलेल्या पाण्याच्या पातळीच्या नोंदींकडे गेली. वीस मिनिटांनी तिने पेन खाली ठेवले. “आता मर्यादा कुठे आली ते दाखवा.”

मी मग जे आधीच विचारायला हवे होते ते विचारले : या आवडीचे वर्णन तू स्वतः कसे करशील? ती बराच वेळ गप्प राहिली. “बाकीच्यांचं लक्ष भांगाचं असतं. रोज थोडं भरतं, थोडं ओसरतं, सगळीकडे पुरतं. माझं उधाणाचं आहे. भरतं तेव्हा रस्त्यापर्यंत येतं आणि ओसरतं तेव्हा तळातले दगड दिसतात.” ऑटिझमच्या ब्रिटिश अभ्यासक डायना मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये हेच लक्षाच्या भाषेत मांडले होते : लक्ष मोजकेच असते, आणि ऑटिस्टिक व्यक्तीत ते थोड्या वाटांनी पण जोराने वाहते. तो निबंध मी वाचलेला होता, तिने नाही. ऑटिस्टिक माणसांना उपमा जमत नाहीत, असे आम्हाला शिकवले गेले होते, हेही इथे सांगून टाकते.

आपल्याकडे रूढ असलेला ‘स्वमग्न’ हा शब्दही तिने खोडायला लावला. “मी स्वतःत कुठे मग्न आहे? मी पाण्यात आहे.”

जेवण राहून जाते, कामात मध्येच कोणी हाक मारली तर पुन्हा जागेवर यायला तिला तासभर लागतो, या नोंदी मात्र मी तशाच ठेवल्या. त्यासाठीच तर ती आली होती आणि तिचीही त्याला ना नव्हती. ‘मर्यादित’च्या जागी ‘एकाग्र व सखोल’ लिहिले आणि तिचे उधाणाचे वाक्य अवतरणचिन्हांत घातले. दुरुस्त प्रत नेण्यासाठी मी पुढच्या पंधरवड्यातला सोमवार सुचवला, तेव्हा तिने कॅलेंडरकडे पाहिलेही नाही.

“मंगळवारी येते. सोमवारी अमावास्या आहे, दुपारी मी किनाऱ्यावर असेन.”