गणित बरोबर, गोल चुकीचे

मंगळवार, रात्र

रविवारचा सराव पेपर आज पुन्हा काढून बसले, तळोधीच्या नवोदयच्या, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेच्या, प्रवेश परीक्षेचा. सानू झोपली आहे. गणिताचे 20 प्रश्न, त्यातले 6 चूक. सहा चुकले याचं मला काही नाही, पाचवीतल्या पोरीचे चुकतातच. पण त्या सहापैकी पाचांचं कच्चं काम तिनं पानाच्या कडेला केलेलं आहे आणि ते बरोबर आहे. 450 चे 12 टक्के किती? बाजूला स्वच्छ अक्षरात 54 लिहून खाली रेघ मारली आहे. 54 हा दुसरा पर्याय होता. गोल रंगवलाय चौथ्याचा, 64 चा.

आधी वाटलं ओळ घसरली असेल. उत्तरपत्रिकेत असं होते, एक प्रश्न सोडला की पुढचे सगळे गोल एक घर वर सरकतात. म्हणून पट्टी ठेवून एकेक तपासला. घसरली नाही. मागचा बरोबर, पुढचा बरोबर, मधलाच चूक. आणि बुद्धिमत्तेच्या 40 प्रश्नांत, जिथं आरशातल्या आकृत्या आहेत, घडी घालून भोक पाडलेले कागद आहेत, तिथं तिचे दोनच गेले. ज्या पोरीला घडी उघडल्यावर भोकं कुठं कुठं दिसतील ते दिसते, तिला 54 चा गोल दिसला नाही?

पेन तर मीच घेऊन दिला. खऱ्या परीक्षेत पेन्सिल चालत नाही, एकदा रंगवला गोल की रंगवला. हे तिला माहीत आहे. आम्ही दोघी त्यावर कितीदा बोललो आहोत.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लाकडी नंदी धुताना तिनं विचारलं होतं, "आई, तळोधीले नंबर लागला त पोळ्याले येता येत नाही का वो?" मी म्हटलं, सुट्टी असली तर येता येईल. मग ती काही बोलली नाही, नंदीच्या शिंगांना बेगड लावत बसली. मीही कामाला लागले. आता हा पेपर समोर आहे आणि ते वाक्य डोक्यातून जात नाही.

क्लासवाल्यांचा आज पुन्हा फोन आला. निवासी क्लास, परीक्षेपर्यंत तिथंच राहायचं, दिवाळीला घरी पाठवणार नाहीत, "पालकांनी मन घट्ट करावं" असं ते म्हणतात. पैसे सांगतात ते धान विकल्याशिवाय उभे होत नाहीत, आणि धान तर अजून निसवलासुद्धा नाही. पैशाचं काहीतरी करता येईल. मला खटकलं ते वेगळंच. नवोदयच्या ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत शिकलेली लागतात. मी तसं विचारलं तर म्हणाले, नाव गावच्या शाळेतच राहू द्या, मुलगी आमच्याकडे राहील, हजेरीचं गुरुजींना सांगून ठेवा. म्हणजे कागदावर माझी पोरगी इथल्या वर्गात बसलेली, आणि खरी शहरात एका खोलीत. दहा वर्षांच्या लेकराला पहिली गोष्ट हीच शिकवायची का? आणि सरांना मी कोणत्या तोंडानं सांगू की हिची खोटी हजेरी लावा? फॉर्मवर त्यांचा शिक्का आहे.

सर परवाच सांगत होते की देशातली अगदी पहिली दोन नवोदय 1985-86 ला सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. खेड्यातल्या पोरांना चांगली शाळा मिळावी, पैसे नाहीत म्हणून अडू नये, यासाठीच ती काढली. फॉर्मला पैसा लागत नाही, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं सरकारचं. आणि त्या शाळेत जायला आता आधी शहरात पैसे भरून राहावं लागेल, असं सगळे मला समजावून राहिले. मला ते पटत नाही. राग येतो.

पण रागानं जागा मिळत नाही. 80 जागा. त्यातल्या निदान 60 खेड्यातल्या पोरांच्या. एक तृतीयांश मुलींना, म्हणजे सत्तावीसच्या आसपास. आपल्या जिल्ह्यात तालुके 15. आणि ही संधी एकदाच, पाचवीतच, सहावीत गेल्यावर पुन्हा बसता येत नाही. एका प्रश्नाला सव्वा गुण. ते पाच गोल बरोबर भरले असते तर सव्वासहा गुण वाढले असते. एवढ्या गुणांत किती पोरं मागेपुढे होत असतील ते देवालाच माहीत.

ह्यांना फोन केला तर नेहमीचंच, "तू पाय, तुले समजते त्यातलं." सासूबाई म्हणतात, "एवढुशी पोट्टी कायले धाडतं वो बाई घराबाहेर?" मोठे भाऊजी म्हणतात, पाठवायचं तर क्लासला पाठवा, नाहीतर कशाला तिचा जीव खाता. सगळे बोलून मोकळे होतात. ठरवायचं माझ्या एकटीवर येते. नंबर लागला तर पोरगी हुशार होती, नाही लागला तर आईनं क्लासला पाठवलं नाही, हे आत्ताच ऐकू येते मला. आज दिवसभर बांधीत निंदताना हेच चालू होतं, आणि खूप रडू आलं. शेजारच्या काकू होत्या म्हणून आवरलं.

मी चौथीत शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसले होते. निकाल चांगला आला होता. पुढचं लिहीत नाही.

जेवणं झाल्यावर पेपर घेऊन बसले तेव्हा रडणं ओसरलं होतं, आणि जरा नीट दिसायला लागलं. तिला गणित येते. कोणी क्लास लावून जे शिकवणार ते तिला इथंच, जिल्हा परिषदेच्या शाळेत, सरांनी शिकवलेलं आहे. 30 मिनिटांत 20 गणितं, एकाला दीड मिनिट, तीही तिला पुरतात, तिची पाच मिनिटं उरली होती. भाषेचे उतारे ती माझ्यापेक्षा भरभर वाचते. मग निवासी क्लास तिला काय देणार आहे? घरापासून दूर राहायची सवय? ती सवय नंबर लागल्यावर लागेलच. न लागल्यावर मात्र पाचवीची दिवाळी कोणी परत आणून देणार नाही.

मीही काही तिला कायमची पदराला बांधून ठेवणार नाही. आपली शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून मोठ्या गावाला जावं लागते, मानव विकासची, शाळेच्या मुलींसाठीची सरकारी गाडी आली तर ठीक, नाहीतर जंगलातून सायकल. गेल्या हिवाळ्यात नाल्याकडे वाघ दिसला तेव्हापासून सरांचा जादा वर्ग सुटला की आम्ही पालक पाळी लावून पोरांना घरी आणतो. हे सगळं तिला सोसावं लागू नये असं मला मनापासून वाटते. तळोधीला प्रयोगशाळा आहे, वाचनालय आहे, बारावीपर्यंत काळजी नाही. नववीत तिथली 30 टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला जातात, ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. पण सानू तेव्हा म्हणाली होती, "रेल्वेनं जातेत का?" तिचे डोळे चमकले होते. मला ते आठवते.

म्हणून तर कळत नाही. जायची हौस असलेली पोरगी गोल चुकीचा का भरेल? की जायची हौसही आहे आणि पोळाही सोडायचा नाही, असं दोन्ही एकाच वेळी असते? मला तरी लग्नाच्या वेळी तसंच होतं. पण मला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर काय सांगितलं असतं तेही आज सांगता येत नाही. तिला थेट विचारायची भीती वाटते. "मुद्दाम केलंस का" असं विचारलं की ती नाहीच म्हणणार, आणि मग पुढच्या पेपरला कडेला काही लिहिणारच नाही. कडेला लिहिलेलं आहे म्हणून तर मला कळलं. खोडता आलं असतं तिला, वेगळ्या कागदावर करता आलं असतं. तिनं तसं केलं नाही. कदाचित मला दिसावं म्हणूनच ठेवलं असेल. कदाचित मी फार विचार करून राहिले, झोप आली असेल तिला त्या दिवशी.

तरी एवढं ठरलं. क्लासला नाही म्हणायचं. उद्या सकाळीच फोन करते, म्हणजे ते पुन्हा पुन्हा करणार नाहीत. सरांचा जादा वर्ग आहे तसाच चालू, थंडीत दिवस लहान होईल तेव्हा माझ्या पाळीचे दिवस मी वाढवून घेईन. दर रविवारी घड्याळ लावून पूर्ण दोन तासांचा पेपर, पण तपासताना मी गुण मोजणार नाही, आधी कच्चं काम पाहणार. दिवाळीचे चार दिवस पुस्तक बंद. सासूबाईंना हे आवडेल, भाऊजींना नाही, आणि चालेल.

आणि तिला एकदा तळोधीला घेऊन जायचं. एवढ्या दिवसांत आपण तिला गाईडमधल्या आकृत्या दाखवल्या, शाळा कोणी दाखवली नाही. आत सोडलं तर वसतिगृह पाहू, नाही सोडलं तर फाटकाशी उभं राहून मुलींना पाहू, कोणी आपल्याकडची असली तर पोळ्याला घरी गेली होती का ते सानूनं तिलाच विचारावं. त्यानंतर ती काय म्हणते ते ऐकायचं, जायचं म्हणो की नाही म्हणो. ह्यांनाही तेच सांगणार. रविवारी निंदायला बाया येणार नाहीत, सकाळच्या गाडीनं निघू. पेपर सोमवारी देईल.