तापीच्या फलकावरील नळ्या पुन्हा सुटल्या

शेतातल्या टाकाऊ वस्तू प्लायवुडवर लावून तापी नदीचे चित्र असलेला एक फलक मी करत आहे. तो जवळजवळ पूर्ण झाल्याचे मागच्या नोंदीत लिहिले होते, ते मागे घ्यावे लागत आहे. भुसावळच्या मे महिन्यातील तीन दुपारी फलक अंगणात टेकवून ठेवला आणि चौथ्या सकाळी नदीच्या प्रवाहासाठी ठिबकच्या जुन्या नळ्या उभ्या चिरून केलेले 11 पट्टे खाली पडलेले दिसले. केळीच्या धाग्यांचा गाळ आणि पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचे, काठ मात्र जागचे हलले नाहीत, याचे मनापासून समाधान आहे.

ठिबकची नळी पॉलिइथिलीनची असते आणि तिचा पृष्ठभाग मेणासारखा असल्याने त्यावर काही धरत नाही. सुतारी गोंद, चपलांचे सोल्युशन आणि शेवटी इपॉक्सी (राळ आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून लावायचा गोंद), तिन्हींचे थर नखाने सोलावेत तसे अखंड निघाले. पॉलिशपेपरने घासूनही फरक पडेना, तेव्हा एक पट्टा मोकळ्या हवेत गॅसटॉर्चच्या निळ्या ज्योतीवरून झरकन फिरवला. आधी मोत्यासारखा गोल राहून घरंगळणारा पाण्याचा थेंब त्याच पट्ट्यावर पसरून बसला, तो मी कितीतरी वेळ पाहत राहिलो. ज्योतीने पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण होते आणि इपॉक्सीला पकड मिळते. इपॉक्सी मात्र सावकाश सुकणारेच घ्यावे आणि डब्यावरची तारीख पाहावी. मला एका दुकानातून मिळालेले हार्डनर आधीच गोठलेले निघाले.

एवढे करूनही लांब पट्टे मधोमध फुगले. दोन फुटांची नळी 30 अंशांनी तापली की सुमारे 3 मिलिमीटर वाढते, खालचे प्लायवुड जवळजवळ वाढत नाही, त्यामुळे दोन्ही टोके पक्की चिकटवणे हीच माझी चूक होती.

इथवर लिहून झाल्यावर उठलो आणि एक पट्टा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेल्या जुन्या तांब्याच्या तारेने, गोधडीच्या धावदोऱ्यासारखा शिवून पाहिला. ड्रीपर, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोट्या, काढलेल्या जागची छिद्रे आयतीच होती. ती तापवलेल्या खिळ्याने लांबट केली, म्हणजे नळीला सरकायला वाव राहतो. काळ्या नळीवर तांब्याचे टाके पाण्यावरच्या उन्हासारखे दिसतात, त्यामुळे प्रवाहावर पिवळा रंग देण्याचा बेत सोडला आहे. आता इपॉक्सी चार इंचांहून लहान तुकड्यांपुरतेच वापरणार असून उरलेले 10 पट्टे शिवण्यासाठी उद्या थोडी जाड तार आणणार आहे.