पाळी लांबली तेव्हा

संभाजीनगरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. गाव जालन्याकडचं, राहायला औरंगपुऱ्यात कॉटबेसिसवर. माझी पाळी एरवी तारखेला येणारी. त्या महिन्यात आठवडा उलटला तरी पत्ता नाही. निरोध फाटला होता, म्हणून दुसऱ्याच दिवशी मेडिकलमधून दिवस जाऊ नयेत म्हणून घ्यायची गोळी आणून घेतली होती. ती ७२ तासांच्या आत घ्यावी लागते. तरी धाकधूक होतीच.

घरी तपासायचं प्रेग्नन्सी कीट आणायला रूममेट गेली. ओळखीचं मेडिकल नको म्हणून टीव्ही सेंटर भागात, तोंडाला स्कार्फ बांधून. (इथल्या उन्हात सगळ्याच पोरी बांधतात, त्याचा असाही उपयोग.) सकाळची पहिली लघवी, ड्रॉपरनं थेंब टाकले. 'सी'पाशी रेघ उमटली, 'टी'पाशी कोरं, म्हणजे दिवस गेलेले नाहीत. मला मात्र तिथं पुसटसं काहीतरी दिसायला लागलं. रूममेटनं पट्टी खिडकीशी धरली, मोबाईलचा टॉर्च मारला. "काही नाही माय. बघून बघून तूच आणशील तिथं रेघ."

खात्री करायला एका खासगी दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या बाईनं पहिलं विचारलं, "मिस्टरांचं नाव?" लग्न झालं नाही म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. मॅडमनी तर तपासलंच नाही, "आईला घेऊन ये" म्हणाल्या. आई तेव्हा कापूस वेचायला जात होती. तिला काय सांगून बोलवणार?

मग सरकारी दवाखाना. केसपेपर काढला, लांबलचक रांग. तिथल्या डॉक्टरबाईंनी शेवटच्या पाळीची तारीख, संबंध कधी आला, गोळी कधी घेतली, एवढंच विचारलं. गोळीनं बीज बाहेर पडणं लांबतं, त्यामुळं पाळी मागंपुढं होते, म्हणाल्या. संबंधाला तीन आठवडे होऊन गेले होते, म्हणजे आता तपासणीवर भरवसा ठेवता येतो. लघवी पुन्हा तपासली. निगेटिव्ह.

मी तरी उठेना. "असतं तर?" विचारलंच.

त्या न चिडता बोलल्या. १८ पूर्ण झालेल्या मुलीला गर्भपातासाठी फक्त स्वतःची सही लागते, आईबापाची नाही. २०२१ च्या दुरुस्तीनं कायद्यात 'नवरा' जाऊन 'जोडीदार' आलाय. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २४ पर्यंतची सोय ठरावीक बायकांना आहे, त्यातून अविवाहितांना वगळता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलंय. नाव बाहेर फोडणं हा गुन्हा. गर्भपात ९ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतो, पण गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असला तर जिवावर बेततं, म्हणून त्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून खायच्या नाहीत.

हे मला त्या खासगी दवाखान्यात कुणी सांगितलं असतं, तर मधल्या रात्री झोप तरी लागली असती.

पाळी आली ती नेमकी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला, टायट्रेशन अर्धं झालेलं. रूममेटला मेसेज टाकला. तिचा रिप्लाय आला, "कीटचे पैसे दे आता."